पिशवीतले चेंडू आणि शिवारातली शेते

'विषय सुटला' हा आपल्या महाविद्यालयीन जीवनातील परमानंदाचा उद्गार आहे. निकालाच्या दिवशी तो कँटीनपासून बसस्टँडपर्यंत ऐकू येतो, आणि संख्याशास्त्राच्या बाबतीत तर तो जरा जास्तच मोठ्याने निघतो. वाणिज्य शाखेच्या मित्रांना हा विषय पहिल्या वर्षालाच गाठतो. आम्हा कला शाखेतील अर्थशास्त्रवाल्यांना तो संख्याशास्त्रीय पद्धतींच्या रूपाने भेटतो. शिवाय २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यामुळे दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घेणे सर्वांनाच भाग पडते. तेव्हा मराठी-इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही तो येऊ शकतो. या सर्वांची इच्छा एकच : एकदाचा सुटावा.

माझे म्हणणे असे की, हा विषय सुटू नये. म्हणजे परीक्षेत जरूर सुटावा. परंतु आपल्या हातून सुटू नये. निदान जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींनी तरी तो सोडणे परवडणार नाही. का, ते पुढे सांगतो.

प्रथम आपण या विषयाचा सराव कसा करतो ते पाहू. एका पिशवीत ५ लाल व ३ काळे चेंडू आहेत. त्यांतून दोन चेंडू काढले, पहिला परत टाकला नाही, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? पाच अष्टमांश गुणिले चार सप्तमांश, उत्तर ५/१४. पुस्तकाच्या शेवटी उत्तर ताडून पाहायचे, जुळले की पुढचे उदाहरण. अशी चाळीस उदाहरणे झाली की 'प्रकरण झाले' असे आपण एकमेकांना सांगतो. या चाळीस उदाहरणांत एकदाही कोणी विचारत नाही की, बाबा रे, ही पिशवी कोणाची आणि हे चेंडू काढायचे कशासाठी? प्रमाण विचलन १४.३ आले म्हणून आपण खाली दुहेरी रेघ मारतो, पण १४.३ काय? किलो, रुपये की माणसे? ते मोठे की लहान? आणि मोठे असेल तर कोणाचे नुकसान? या प्रश्नांना गुण नसतात, म्हणून ते प्रश्नच नसतात.

यावर काही मंडळी म्हणतात, 'सराव नकोच, समज हवी. आकडेमोड मोबाइल करतो.' हेही मला पटत नाही. दंड-बैठका न मारता नुसते डाव समजून घेतलेला पैलवान पहिल्याच झटापटीत चीत होतो. संख्याशास्त्रातली समज हातातून डोक्यात जाते. स्वतः दहा विचलने मांडून, त्यांचे वर्ग करून, बेरीज घेतल्यावरच ध्यानात येते की, एकटा लांबचा आकडा साऱ्या उत्तराला कसा ओढून नेतो. मोबाइलवर उत्तर येते, पण ही ओढ हाताला लागत नाही. म्हणून सराव हवाच. मात्र तालमीतल्या बैठका शेवटी कुस्तीसाठी असतात, हे विसरून चालणार नाही.

आणि कुस्तीचा फड तर आपल्या दारातच आहे. बाजार समितीच्या रोजच्या भावांत तीन आकडे असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कापूस, मका, तूर, काहीही घ्या. हा 'सर्वसाधारण' म्हणजे किमान-कमाल मिळवून दोनने भागलेला आकडा नव्हे. ज्या भावाने माल सर्वांत जास्त विकला गेला तो भाव दाखवण्याचा त्यात हेतू असतो. म्हणजे आपल्या पुस्तकातला 'बहुलक'. केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या तक्त्यांत त्याला 'मोडल' भाव असेच नाव आहे. आमच्या वडिलांच्या पिढीने हा आकडा रोज वाचला आणि त्यावरून माल आज न्यायचा की उद्या हे ठरवले. आपण तो वर्गात सूत्राने काढतो. आणि घरी आल्यावर वडील पेपर पुढे करून 'हा भाव कसा काढतात रे?' असे विचारतात, तेव्हा सूत्र आठवते, उत्तर आठवत नाही.

पावसाचे तसेच. 'औंदा गंज पाऊस पडला' असे अहिराणीत म्हटले की ऐकणाऱ्याला समजते, पण हिशेबाला 'गंज' चालत नाही. म्हणून आपण सरासरी काढतो आणि सरासरीवर विश्वासून राहतो. सरावासाठी कल्पित आकडे घेऊ. एका गावी पाच वर्षांत ७००, ६९०, ७१०, ७०५, ६९५ मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या गावी ११००, ४००, ९५०, ३५०, ७००. दोन्हींची सरासरी बरोबर ७००. पण पहिल्याचे प्रमाण विचलन सुमारे ७ आणि दुसऱ्याचे सुमारे २९५. पहिल्या गावातला शेतकरी कर्ज काढून ठिबक टाकू शकेल. दुसऱ्या गावातला शेतकरी तेच कर्ज काढील तर कोणत्या वर्षी बुडेल हे त्यालाही सांगता येणार नाही. ज्याने हे एक उदाहरण हाताने सोडवले, त्याला प्रमाण विचलन म्हणजे काय हे पुन्हा पाठ करावे लागणार नाही. ते दुसऱ्या गावच्या माणसाच्या रात्रीच्या झोपेचे माप आहे.

आता जरा अधिक जवळचे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत नुकसानभरपाई ठरवण्यासाठी 'उंबरठा उत्पन्न' नावाचा आकडा काढतात. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे, अशी त्याची रीत. समजा, एका मंडळात कापसाचे हेक्टरी उत्पन्न सात वर्षांत १२, ४, ११, १३, ५, १०, १४ क्विंटल आले. चांगल्या पाच वर्षांची सरासरी १२. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर उंबरठा ८.४ क्विंटल. यंदा मंडळाचे उत्पन्न ७.५ आले, तर तूट ०.९, म्हणजे उंबरठ्याच्या सुमारे १०.७ टक्के, विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये असेल तर सुमारे ५,३५७ रुपये मिळावेत. आता चांगली पाच न घेता सातही वर्षे घेऊन पाहा. सरासरी सुमारे ९.८६, उंबरठा ६.९, आणि भरपाई शून्य! पाऊस तोच, कापूस तोच, शेतकरी तोच. बदलली ती फक्त सरासरी कोणत्या वर्षांची घ्यायची ही गोष्ट. सरासरी म्हणजे निर्जीव गणित, त्यात काय वादाचे, असे समजणाऱ्याने हे उदाहरण एकदा वहीत करून पाहावे.

आणखी एक गोष्ट या उदाहरणात दडली आहे. ७.५ हा आकडा मंडळाचा आहे, माझ्या शेताचा नव्हे. माझ्या शेतात दोनच क्विंटल आले असतील आणि नाल्यापलीकडच्या काळ्या जमिनीत तेरा आले असतील, तरी दोघांना मोजणारी फूटपट्टी एकच. गावोगावी या गोष्टीवरून चिडचिड होते. ती रास्त आहे की नाही हा वेगळा वाद. पण 'आम्हाला फसवले' आणि 'सरासरीने आमचे नुकसान झाकले गेले' या दोन वाक्यांत फरक आहे, आणि दुसरे वाक्य लिहून देणारा माणूस गावात कोणीतरी हवा. तो माणूस गावातला पदवीधर नसेल तर कोण असणार?

मंडळाचा तो आकडा येतो कुठून? पीक कापणी प्रयोगांतून. मंडळातली सगळी शेते कोणी मोजत नाही. मोजकी शेते निवडतात, प्रत्येकात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढ्यातले पीक काढून वजन करतात आणि त्यावरून साऱ्या मंडळाचा अंदाज बांधतात. शेत निवडायचे ते यादृच्छिक अंकांवरून. तलाठ्याच्या सोयीने नव्हे, सरपंचाच्या मर्जीने नव्हे, आणि रस्त्यालगत आहे म्हणूनही नव्हे. आता आपल्या पिशवीकडे परत या. पिशवी म्हणजे मंडळ, चेंडू म्हणजे शेते, लाल म्हणजे पीक आलेले आणि काळे म्हणजे बुडालेले. न पाहता हात घालायचा ही अट गंमत म्हणून घातलेली नाही. पाहून हात घातला तर सगळे गणितच कोसळते. 'पहिला चेंडू परत टाकला नाही' ही अटही उगीच नाही. एकदा निवडलेले शेत त्याच वर्षी दुसऱ्यांदा निवडायचे नसते. तेव्हा लाल-काळ्या चेंडूंना मी नावे ठेवणार नाही. त्यांची पिशवी शिवारापर्यंत नेली नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

या कामात एका मराठी माणसाचे नाव जगात घेतले जाते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मले, पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि लंडनहून १९३६ साली डॉक्टरेट घेऊन आले. पीक कापणीसाठी किती मोठा तुकडा घ्यावा यावर त्यांचा आणि प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा वाद गाजला. महालनोबीस हे १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन करणारे. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. कारण साधेच : तुकडा लहान असला की त्या मानाने कड जास्त, आणि कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. शेतात उभे राहिल्याशिवाय हे कारण कोणाला सुचणार नाही. पुढे १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, आणि १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

संभाव्यतेकडे वळू. 'स्वतंत्र घटना असतील तर गुणाकार करा' हा नियम आपण डोळे मिटून वापरतो. रावेर-यावलकडच्या केळीला थंडीचा तडाखा बसतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान ठरावीक अंशांखाली सलग काही दिवस राहिले तरच भरपाई, अशा स्वरूपाच्या अटी असतात. समजा, अट सलग तीन दिवसांची आहे आणि हिवाळ्यात सरासरी दहा दिवसांत एक दिवस तसा थंड जातो. पुस्तकी विद्यार्थी लगेच एक दशांशचा तीनदा गुणाकार करील आणि 'हजारात एक' असे सांगून मोकळा होईल. पण थंडी फाशासारखी पडत नाही, ती लाटेने येते. आज गारठा पडला तर उद्याही पडण्याचा संभव मोठा. तो दोन तृतीयांश धरला, तर उत्तर एक दशांश गुणिले दोन तृतीयांश गुणिले दोन तृतीयांश, म्हणजे हजारात सुमारे ४४ येते. कुठे एक आणि कुठे चव्वेचाळीस! नियम चुकीचा नव्हता. 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ वाचला गेला नव्हता. आजीला विचारले असते तरी तिने सांगितले असते की थंडी एकटी येत नाही.

उलट, जिथे घटना खरोखरच स्वतंत्र असतात तिथे माणसे त्या जोडून पाहतात. मटक्याचा धंदा यावरच चालला. शून्य ते नऊ यांतला एक आकडा लावायचा आणि लागला तर एकाचे नऊ, असा हिशेब धरा. दहा रुपये लावले तर नव्वद मिळण्याची संभाव्यता एक दशांश. अपेक्षित मूल्य नऊ रुपये. म्हणजे प्रत्येक दहा रुपयांमागे एक रुपया चालवणाऱ्याचा, नशीब कोणाचेही असो. 'आठ दिवस सात आला नाही, आज येणारच' असे म्हणणाऱ्याला आकडा ओळखत नसतो. कागदाच्या चिठ्ठीची जागा पुढे मोबाइलने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला खरा; परंतु ज्याने अपेक्षित मूल्याची दहा उदाहरणे मनापासून सोडवली आहेत, त्याला पोलिसांच्या आधी त्याची वहीच थांबवील, असे मला वाटते.

आता कला शाखेच्या माझ्या बंधुभगिनींसाठी. 'आम्हाला कविता पुरे, इतिहास पुरे' असे आपण म्हणतो. पण धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील दप्तरे पाहताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा? हे कागद उरले, तर न उरलेले कोणते? वाळवीने, आगीने आणि रद्दीवाल्याने काय नेले? जे उरले तो साऱ्या गतकाळाचा न पाहता उचललेला नमुना नाही. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून घेतल्या आणि १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या, म्हणून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्यांची गाणी जात्यावरच विरली अशा बाया किती असतील? अमळनेरचेही तसेच. १९४५ साली तेथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि तिचे शेअर जपून ठेवणारे श्रीमंत झाले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्याच काळात दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेऊन ज्यांचे कागद रद्दी झाले, त्यांची कथा कोणी सांगत नाही. नऊ जणांची मिळकत महिना दहा हजार आणि दहाव्याची दहा लाख, तर सरासरी निघते १,०९,००० आणि मध्यक राहतो १०,०००. गावाचे वर्णन कोणत्या आकड्याने करायचे, हा गणिताइतकाच इतिहासाचा आणि वाङ्मयाचाही प्रश्न आहे.

उदाहरणे आपल्या मातीतली असावीत ही कल्पना काही नवी नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशच्या डोंगरपायथ्याशी 'लीलावती'तील उदाहरणांचा सराव चालत असे! ती उदाहरणे कशी, तर भुंग्यांची, हंसांची, वाऱ्याने मोडलेल्या बांबूची, मोर आणि सापाची. अंकपाशाच्या प्रकरणात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारांनी धरता येतील, असे विचारले आहे, उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांसाठी २४. विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे रोज जे असे त्यातूनच गणित उभे राहिले. मग आपल्या सरावात केळीचे घड, डाळ मिलचा माल, दोंडाईच्याची मिरची आणि भुसावळला उशिरा पोहोचणाऱ्या गाड्या का नसाव्यात?

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. सोडवण्यापूर्वी उत्तराचा अंदाज वहीच्या समासात लिहावा. पहिली दहा उदाहरणे हाताने करावीत, मग खुशाल यंत्र वापरावे. उत्तर आले की त्याचा अर्थ एका मराठी वाक्यात लिहावा, आणि ते वाक्य घरी कळले पाहिजे. नंतर एक आकडा बदलून तेच उदाहरण पुन्हा करावे आणि काय हलले ते पाहावे. आणि विभागाने दरवर्षी विद्यार्थ्यांकडून बाजार समिती, बसस्टँड, बँक, रेशन दुकान येथील खऱ्या आकड्यांवर पाच-पाच उदाहरणे गोळा करून एक खानदेशी उदाहरणसंग्रह तयार करावा. खर्च फक्त झेरॉक्सचा.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायचा की हे खेळ करत बसायचे? त्यांची अडचण खरी आहे. शेवटी प्रश्नपत्रिका आमच्या-त्यांच्या हातात नाही. पण चाळीस उदाहरणांतली दहा जरी अशी झाली, तरी उरलेली तीस लवकर होतील, कारण सूत्र कोठे लावायचे हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही. विद्यार्थी म्हणतील, गुण मिळणार नाहीत. अर्थाच्या त्या एका वाक्याला अंतर्गत मूल्यमापनात दोन गुण ठेवावेत, एवढी विनंती मी या अंकाच्या द्वारे करतो.

आमच्या घरी कापूस आहे, तुमच्या घरी केळी असेल, कोणाच्या घरी किराणा दुकान असेल. या साऱ्या घरांबद्दलचे निर्णय कोणीतरी, कोठेतरी, सरासरी काढून घेत असतो. ती सरासरी कशी काढली, हे विचारण्यापुरते तरी संख्याशास्त्र आपल्या हाती असू द्यावे. येत्या सत्रातल्या पहिल्या पाच उदाहरणांचे आकडे मी आमच्या बाजार समितीतून आणणार आहे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी शनिवारी सकाळी लिलावाच्या वेळी यावे. येताना वही आणि पेन्सिल आणावी.